समुद्राला तिकीट नसते : अलिबाग ते कोर्लई किनाऱ्यावर सहकुटुंब चार दिवस

मे महिन्याची सुट्टी लागली की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : यंदा मुलांना कोठे न्यायचे? प्रश्न साधा असला तरी अनेक घरांत त्याचे उत्तर जड जाते. प्रवासखर्च, निवासाचे भाडे आणि जेवणखाण यांची बेरीज करता करताच घरातील कर्ती माणसे थकतात व 'पुढच्या वर्षी पाहू' असे म्हणून विषय मिटवतात. मुले मात्र दर वर्षी एक वर्षाने मोठी होतात. आईवडिलांचा हात धरून ओल्या वाळूवर धावण्याचे त्यांचे वय फार थोडी वर्षे टिकते.

ज्यांना जाणे जमते त्यांची तक्रार वेगळी असते. किनाऱ्यावर पाऊल ठेवताच घोडागाडी, उंटावरची फेरी, वाळूत धावणारी गाडी, लाटांवरची 'बनाना राईड' अशी रांगच समोर उभी राहते. यातील प्रत्येक मौज दहा मिनिटांत संपते आणि मुले पुढच्या मौजेसाठी हट्ट धरतात. दुसऱ्या दिवशी खिसा रिकामा होतो व मुले खोलीत मोबाईल घेऊन बसतात. या व्यवसायांवर पोट भरणाऱ्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. एखादी फेरी जरूर करावी. मात्र तेवढ्यालाच समुद्राची सुट्टी समजू नये.

प्रवास व मुक्काम यांचा खर्च टळत नाही, हे खरे. परंतु एकदा किनाऱ्यावर पोहोचल्यावर करमणुकीसाठी वेगळे पैसे मोजण्याची मुळीच गरज नसते. तेथे लागतो तो वेळ, आणि त्याबरोबर थोडी माहिती. ती माहिती द्यावी या हेतूने हा लेख लिहीत आहोत. उदाहरणादाखल आम्ही रायगड जिल्ह्यातील अलिबाग ते कोर्लई हा पट्टा निवडला आहे. मुंबई, ठाणे व वसई परिसरातील कुटुंबांना तो जवळ पडतो आणि आपल्या इतिहासाशीही त्याचे नाते आहे.

समुद्राचे घड्याळ

किनाऱ्यावर जाणाऱ्या कुटुंबाने सर्वांत आधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक समजून घ्यावे. एका भरतीनंतर दुसरी भरती साधारणपणे १२ तास २५ मिनिटांनी येते. त्यामुळे भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरील कोळीबांधवांना ही वेळ काढण्याचा एक जुना, सोपा हिशेब ठाऊक आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. तिथी घरातील दिनदर्शिकेवर छापलेली असतेच. मुलांना हा हिशेब करायला सांगावा आणि दुसऱ्या दिवशी तो खरा ठरतो का, हे त्यांच्यासोबत किनाऱ्यावर उभे राहून पाहावे. पाढे पाठ करण्याचा कंटाळा असलेले मूलही हे गणित आवडीने सोडवते.

हा हिशेब मुंबई-अलिबाग परिसरासाठी ढोबळमानाने बरोबर ठरतो. दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणकडे गेल्यास वेळ थोडी बदलते. मिनिटांचा नेमकेपणा हवा असेल तेथे भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहावा किंवा स्थानिक मच्छीमारांना विचारावे.

या हिशेबातून सहलीचे दिवस निवडण्याची युक्तीही सापडते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असते. पाणी खूप वर चढते आणि तितकेच दूर ओसरते. शिवाय त्या दिवसांत पूर्ण ओहोटी सकाळी व संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते, म्हणजे नेमकी ऊन नसताना. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हा पाण्याचा चढउतार कमी असतो व ओहोटी भर दुपारी येते. म्हणून मुलांना किनारा दाखवायचा असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस धरावेत.

ओहोटीच्या वेळची शाळा

पाणी ओसरले की ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसू लागते. नखाएवढ्या आकाराचे खेकडे ही नक्षी घालतात. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातील अन्नकण वेगळे करतात आणि उरलेली वाळू गोळी करून बाजूला टाकतात. मुलांनी काही अंतरावर पाच मिनिटे निश्चल बसावे. पावलांच्या चाहुलीने बिळात शिरलेले खेकडे पुन्हा बाहेर येतात आणि कामाला लागतात. पुढची भरती ही सारी नक्षी पुसून टाकते.

शिंपले गोळा करताना एखाद्या शिंपल्यावर सुईने नव्हे, तर गिरमिटाने पाडावे तसे सुबक गोल भोक आढळते. ते कोणी माळ ओवण्यासाठी पाडलेले नसते. वाळूत राहणारी एक मांसाहारी गोगलगाय शिंपल्याचे कवच पोखरते आणि आतील जीव खाते. त्याची ही खूण होय. अशी भोके असलेले शिंपले किती सापडतात, हे मोजण्याचा खेळ भावंडांमध्ये छान रंगतो.

खडकाळ भागातील खळग्यांत ओहोटीनंतरही पाणी साचून राहते. त्यात लहान मासे, खडकाला चिकटलेली कालवे आणि शंख पाठीवर घेऊन चालणारे खेकडे पाहायला मिळतात. या खेकड्याच्या शरीराचा मागचा भाग मऊ असतो. म्हणून तो मेलेल्या गोगलगाईच्या रिकाम्या शंखात घर करतो व वाढ झाली की मोठा शंख शोधतो. किनाऱ्यावरचे सगळे शंख आपण पिशवीत भरून आणले, तर त्याला घर कोठून मिळणार? मुलांना एवढे सांगितले तरी पुरते. दोन-चार शंख आठवणीखातर घ्यावेत, जिवंत प्राणी असलेला एकही उचलू नये. शंखांच्या काही जातींना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे, हेही ध्यानात ठेवावे. वाळूवर पडलेल्या जेलीफिशला, ती मेलेली दिसली तरी, हात लावू देऊ नये.

वारा, मीठ आणि ध्रुवतारा

खारे वारे आणि मतलई वारे यांचा धडा मुलांनी शाळेत वाचलेला असतो. तो प्रत्यक्ष अनुभवण्यासाठी एक रुमाल पुरेसा आहे. दुपारी किनाऱ्यावर रुमाल धरला की तो जमिनीकडे फडकतो, कारण जमीन लवकर तापते व समुद्रावरची हवा तिच्याकडे धावते. पहाटे तोच रुमाल पुष्कळदा समुद्राकडे वळलेला दिसतो, कारण रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते. पूर्वीच्या शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडत व दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परतत.

दुसरा प्रयोग मिठाचा. एका पसरट ताटलीत समुद्राचे पाणी घेऊन ती उन्हात ठेवावी. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे संध्याकाळपर्यंत ताटलीत पांढरा थर दिसू लागतो. मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या मुलांनीही मीठ तयार होताना पाहिलेले नसते.

रात्री दिव्यांपासून थोडे दूर जाऊन आकाश पाहावे. मे महिन्यात सप्तर्षी उत्तरेला उंचावर असतात. त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेषा वाढवली की ध्रुवतारा सापडतो. हात सरळ लांब करून मूठ धरली तर एका मुठीने आकाशाचे सुमारे १० अंश झाकले जातात. अलिबागहून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर जेमतेम दोन मुठींवर दिसतो, कारण ध्रुवताऱ्याची उंची आपल्या अक्षांशाएवढी असते आणि अलिबागचा अक्षांश साडेअठराच्या थोडा पुढे आहे. याच ताऱ्याची उंची मोजून दर्यावर्दी आपण किती उत्तरेला आहोत हे ओळखीत. पाचवीतील मूलही आपल्या मुठीने हे मोजू शकते.

ओल्या वाळूवरचे खेळ

आट्यापाट्या, लंगडी, लगोरी हे खेळ शहरातील मुलांच्या विस्मरणात गेले आहेत, कारण त्यांना अंगण उरलेले नाही. ओहोटीनंतरची घट्ट, ओली वाळू हे उत्तम मैदान आहे. आट्यापाट्यांच्या पाट्या टाचेने आखता येतात आणि पडले तरी गुडघे फुटत नाहीत. या खेळांत आजी-आजोबांना पंच करावे. नियम त्यांनाच ठाऊक असतात! वाळूचा किल्ला बांधताना कोरडी वाळू का ढासळते आणि ओली का उभी राहते, हा प्रश्नही मुलांपुढे टाकावा. कणांमधील पाण्याचा पातळ थर त्यांना एकमेकांकडे ओढून धरतो, हे उत्तर त्यांना हातानेच सापडते.

पहाटे होड्या लागतात तेथे जाऊन मासळी उतरवताना पाहावे. कामाच्या वाटेत उभे राहू नये आणि फोटो काढण्यापूर्वी विचारावे. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीला शासनाची बंदी असते. त्या दिवसांत जाळी विणणे व होड्या दुरुस्त करणे ही कामे दिसतात.

किहीमचा एक पक्षीनिरीक्षक

अलिबागच्या उत्तरेस किहीम हे गाव आहे. १९३० साली सलीम अली जर्मनीहून शिक्षण घेऊन परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. नोकरी नसल्याने ते पत्नीसह किहीमला येऊन राहिले. तेथील झाडांवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबकळत होती. त्यांनी आडोशाला बसून अनेक दिवस त्या पक्ष्यांचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धेमुर्धे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच संसार मांडते आणि मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे सारे त्यांनी टिपून प्रसिद्ध केले. याच अभ्यासाने त्यांना पक्षिशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवून दिले.

खिशात पैसे नसलेल्या काळात, किनाऱ्यावरच्या एका गावात, केवळ पाहण्यातून हे घडले. सुगरण पावसाळ्यात घरटी विणते. मात्र मागील वर्षीची रिकामी घरटी उन्हाळ्यातही माडांवर किंवा विहिरीवर झुकलेल्या फांद्यांवर दिसतात. खाली पडलेले एखादे हातात घेऊन त्याची वीण मुलांना दाखवावी.

दगडांत लिहिलेला इतिहास

अलिबागसमोर समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात बांधावयास घेतला गेला. पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे झाला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून त्यांच्यावर स्वारी केली, ती फसली. पूर्ण ओहोटीला किल्ल्यापर्यंत चालत जाता येते. आत प्रवेशासाठी पुरातत्त्व खात्याचे माफक तिकीट असते, पण तेथवरची ओल्या वाळूतून केलेली वाटचाल हीच मुलांच्या दृष्टीने खरी मौज असते. कान्होजींचा मृत्यू १७२९ साली झाला. त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे.

अलिबागजवळच्या आक्षी गावात शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ मधील शिलालेख आहे. मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. आपण जी भाषा बोलतो व जिच्यात प्रार्थना करतो, ती हजार वर्षांपूर्वी दगडावर कशी उमटली, हे मुलांनी एकदा पाहिलेच पाहिजे.

दक्षिणेकडे कुंडलिका नदीच्या मुखाशी रेवदंडा आहे. हे जुन्या चौल बंदराचे पोर्तुगीज ठाणे. १५७०-७१ साली अहमदनगरच्या निजामशहाने त्याला दीर्घ वेढा घातला होता. आज तटबंदीच्या आत माडांच्या वाड्या आहेत आणि त्यांत प्रार्थनामंदिरांचे व मठांचे भग्नावशेष उभे आहेत. 'सातखणी' या नावाने ओळखला जाणारा मनोरा दुरूनही दिसतो, जरी त्याचे सातही खण आता उरलेले नाहीत. वसईच्या किल्ल्यात वाढलेल्या आपल्या मुलांना या भिंती ओळखीच्या वाटतील. १७३९ साली वसई मराठ्यांनी जिंकली आणि १७४० साली चौल व कोर्लईही पोर्तुगीजांच्या हातून गेले, हा दुवा त्यांना तेथेच उभे राहून सांगावा. जुन्या भिंतींवर मात्र चढू देऊ नये.

नदीच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला दिसतो. त्यावरील किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ साली निजामशाहीकडून घेतला. पायथ्याच्या गावात कार्मेल मातेचे चर्च आहे आणि तेथील ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीज व मराठी यांच्या संगमातून घडलेली बोली बोलतात. तिला ते 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा', असे म्हणतात. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. कोणत्याही शाळेत ही बोली शिकवली जात नाही. आयांनी मुलांना आणि मुलांनी नातवंडांना बोलून दाखवली, एवढ्याच बळावर ती टिकली. सुट्टीत रविवार येत असेल तर तेथे मिस्साला जावे, उपासनेनंतर गावकऱ्यांशी आपुलकीने बोलावे आणि ही बोली कानांवर पडू द्यावी. ज्यांच्या घरात सामवेदी, वाडवळी किंवा ईस्ट इंडियन बोली मागे पडत चालली आहे, त्या पालकांना तेथे बरेच काही कळेल.

जिवाची काळजी

वर्तमानपत्रांत दर वर्षी किनाऱ्यावर बुडालेल्यांच्या बातम्या येतात. त्यांत बहुधा तरुण मुले असतात. म्हणून काही गोष्टी ठामपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

ओहोटी सुरू असताना पाणी आत ओढते. तेव्हा पोहण्यास उतरू नये. लहान मुलांनी गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये आणि हाताच्या अंतरावर एक मोठे माणूस सतत असावे. ते माणूस मोबाईल पाहणारे नसावे. लाटा फुटत असताना मध्येच एखादा शांत, गडद पट्टा दिसला तर तेथे पाणी सुरक्षित आहे असे समजू नये. पुष्कळदा तेथूनच पाणी वेगाने आत परतत असते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत पोहू नये. अंग सैल सोडून तरंगावे, हात उंच करून मदत मागावी आणि ओढ कमी होताच किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यावे. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. दोर, रिकामा प्लास्टिकचा डबा किंवा फळी फेकावी आणि ११२ या क्रमांकावर फोन करावा.

कुलाबा किल्ल्यावर जाताना पूर्ण ओहोटीपूर्वी तासभर आधी निघावे आणि पाणी चढू लागण्यापूर्वी परतावे. 'अजून थोडा वेळ' म्हणणारेच अडकतात. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. त्या काळात तो किनाऱ्यावरूनच पाहावा. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर आणि दुपारी साडेचारपूर्वी मुलांना उघड्या वाळूवर ठेवू नये.

विसावा म्हणजे काय?

याच किनाऱ्यावर अलिबागजवळील नवगाव येथे बेने इस्राएल समाजाचे जुने दफनस्थान आहे. जहाज फुटून आपले पूर्वज येथे किनाऱ्याला लागले, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. पिढ्यान्‌पिढ्या, हातावर पोट असतानाही, त्यांनी आठवड्यातील एक दिवस कामाला हात लावला नाही. जुन्या करारातील आज्ञा त्यांनी या परक्या किनाऱ्यावर अशी पाळली.

त्या विसाव्याला पैसा लागत नव्हता. काम थांबवावे लागत होते, एवढेच. आपल्या सुट्टीचेही तसेच आहे. चार दिवस जमत नसतील तर दोन दिवस जावे. तेही जमत नसेल तर अर्नाळा, राजोडी, भुईगाव किंवा कळंब हे आपल्या घराजवळचे किनारे आहेतच. तिथीची पाऊणपट तेथेही लागू पडते, खेकडे तेथेही गोळ्या करतात आणि ध्रुवतारा तेथूनही दोन मुठींवरच असतो. पालकांना आमची विनंती एवढीच आहे की, निघताना दिनदर्शिकेवरची तिथी पाहावी, मोबाईल पिशवीत ठेवावा आणि मुलांबरोबर ओहोटीच्या वाळूवर निवांत बसावे.